खरे बोलणाऱ्याचा तंबू

एका पुस्तकाने गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात चांगलेच मतभेद उभे केले. पुस्तक लहानसे आहे. दोन दुपारींत वाचून व्हावे एवढे. भाचा परदेशातून सुटीवर आला होता. जाताना तो आपली जुनी प्रत येथेच विसरून गेला आणि ती घरात हातोहाती फिरली. प्रथम मी वाचली, नंतर सौभाग्यवतींनी, नंतर त्यांच्याबरोबर शाळेत असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने आणि अखेरीस माझ्या धाकट्या बहिणीने. बहीण धर्मभगिनी आहे. तिचे सारे आयुष्य रुग्णांच्या खाटांशेजारी गेले. चौघांची मते चार दिशांना गेली. वाद पुस्तकाच्या बऱ्यावाईटापुरता राहिला असता तर त्यावर लिहिण्याचे काही कारण नव्हते. परंतु बोलता बोलता आम्ही अशा एका प्रश्नापाशी येऊन ठेपलो, की जो माझ्या मनात कित्येक वर्षे अवघडून बसला होता.

पुस्तकाचे नाव ‘द सर्कस ऑफ डॉ. लाओ’. लेखक चार्ल्स जी. फिनी (१९०५–१९८४) हा अमेरिकन. तरुणपणी तो अमेरिकेच्या पंधराव्या पायदळ पलटणीबरोबर १९२७ ते १९२९ या काळात चीनमधील तिनत्सिन येथे होता. मायदेशी परतल्यावर ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी एका दैनिकात त्याने नोकरी धरली आणि तेथेच सुमारे चाळीस वर्षे काढली. १९३५ साली प्रसिद्ध झालेली ही त्याची पहिली कादंबरी. अमेरिकेतील पुस्तकविक्रेत्यांनी त्या वर्षीचे सर्वांत अपूर्व पुस्तक म्हणून तिला पारितोषिक दिले. पुढे या लेखकाने आणखीही लिहिले. पण आज त्याचे नाव निघते ते या एकाच पुस्तकामुळे.

कथानक असे फारसे नाही. ॲबलोनी नावाचे ॲरिझोनातील एक काल्पनिक गाव. ऑगस्ट महिन्यातले रखरखीत ऊन. मंदीचे दिवस. सकाळच्या वर्तमानपत्रात एका सर्कशीची भलीमोठी जाहिरात झळकते आणि त्याच दिवशी गावच्या रस्त्यावरून तीन गाड्यांची मिरवणूक निघते. गाड्या ओढणारी जनावरे म्हणजे एकशिंगी घोडा, स्फिंक्स आणि सोन्याचे गाढव! मालक डॉ. लाओ हा एक म्हातारा चिनी गृहस्थ. त्याच्या तंबूंतून काय नाही? जिच्याकडे पाहताच माणसाचा दगड होतो ती मेड्युसा आहे, जलकन्या आहे, समुद्रसर्प आहे, गवत, पाने आणि फुले यांचाच घडलेला एक कुत्रा आहे. आणि गावकरी काय करतात? एका गाडीत बसलेला प्राणी अस्वल आहे की माणूस, यावर तावातावाने वाद घालतात. आरशातूनच पाहा, असे बजावले असताना एक बाई हट्टाने मेड्युसाला सरळ पाहायला जाते व दगड होते. तेव्हा जमलेल्यांपैकी भूगर्भशास्त्र जाणणारा एक जण तो दगड कोणत्या जातीचा आहे ते सांगतो. शेवटी मोठ्या तंबूत एका प्राचीन नगराचा दुष्काळ आणि तेथील देवतेपुढे दिलेला नरबळी, असा भयंकर खेळ होतो. खेळ संपतो. लोक उन्हात बाहेर पडतात आणि घरोघर जातात. पुस्तक संपले.

खरे तर तेथेही संपत नाही. अखेरीस लेखकाने एक यादी जोडली आहे. पुस्तकात आलेले पुरुष, स्त्रिया, प्राणी, देव, इतकेच काय, खाद्यपदार्थसुद्धा तीत नोंदले आहेत. आणि सर्वांत शेवटी ज्यांची उत्तरे त्याने स्वतःच दिलेली नाहीत असे प्रश्न. ही यादी ज्याला आवडली त्याला पुस्तक आवडले आणि जो तिच्यावर चिडला तो सगळ्या पुस्तकावरच चिडला, असे माझ्या पाहण्यात आले. भाच्याने शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवले आहे : ‘मग पुढे काय?’

शिक्षिकाबाईंनी पुस्तक परत केले ते दोन बोटांत धरून. त्यांचे म्हणणे, यात स्त्रियांची चेष्टा आहे; विशेषतः शाळेत इंग्रजी शिकवणारी एक अविवाहित बाई अर्धा माणूस व अर्धा बोकड अशा वनदेवाच्या तंबूत शिरते तो प्रसंग त्यांना सभ्य वाटला नाही. शिवाय चिनी आणि काळ्या माणसांविषयी पानोपानी जे शब्द येतात ते कोणत्याही घरात मोठ्याने वाचण्यासारखे नाहीत. त्यांचा हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. तो तुच्छभाव गावकऱ्यांचा आहे, लेखकाचा नव्हे, असे पुस्तकाचे चाहते सांगतात. डॉ. लाओ एका वाक्यात मोडकेतोडके इंग्रजी बोलतो आणि दुसऱ्या वाक्यात विद्वानाला शोभेल असे, यातच गावाच्या अज्ञानाची थट्टा आहे, असाही त्यांचा युक्तिवाद असतो. मला तो अर्धाच पटतो. निवेदन करताना फिनी स्वतः जेथे बोलतो तेथेही त्याचे हात पुरते स्वच्छ नाहीत.

सौभाग्यवतींना मात्र पुस्तक आवडले. त्या म्हणाल्या, “माणसे अशीच असतात. देवदूत जरी अंगणात उतरला तरी त्याच्या पंखांची पिसे खरी की खोटी, हेच आपण पाहत बसू.”

बहिणीने यांपैकी कशावरच मत दिले नाही. तिने एक पान काढून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “दादा, हे तुला बरोबर वाटते?”

ते पान भविष्यवेत्त्याच्या तंबूचे होते. मिसेस कॅसन नावाची एक विधवा तेथे येते. भविष्य सांगणारा अपोलोनियस याची अट अशी, की तो केवळ खरे तेच सांगतो. ती विचारते, न्यू मेक्सिकोत माझी थोडी जमीन आहे, तीत तेल केव्हा लागेल? उत्तर येते : कधीच नाही. मग माझे पुन्हा लग्न केव्हा होईल? कधीच नाही. ती पुढे विचारत राहते आणि तो सांगत राहतो. उद्याचा दिवस आजच्यासारखाच असेल व परवाचाही तसाच. कोठे प्रवास घडणार नाही, नवा विचार सुचणार नाही, वय वाढेल पण शहाणपण वाढणार नाही, मूलबाळ नाही आणि होणारही नाही. आणि मृत्यूनंतर कोणाला आठवणही राहणार नाही. हे सारे तो न रागावता, न हसता सांगतो. अखेरीस म्हणतो, की अशा जगण्याचा हेतू मला दिसत नाही. ते निव्वळ वाया गेलेले दिसते.

इंग्रजी वाचकांत या पुस्तकावर जेव्हा जेव्हा चर्चा होते तेव्हा हे पान निघाल्यावाचून राहत नाही. कोणी याला पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक पान म्हणतो, तर कोणी सर्वांत निर्दय. १९६४ साली जॉर्ज पाल याने ‘सेव्हन फेसेस ऑफ डॉ. लाओ’ या नावाने कादंबरीवर चित्रपट काढला. तीत पुष्कळ गोड बदल केले. दगड झालेली बाई पुन्हा जिवंत होते आणि तिचा स्वभावही निवळतो. सर्कस उठेपर्यंत अख्खे गाव सुधारते. (आमच्या धर्मग्रामात उपवासकाळाच्या चाळीस दिवसांतही एवढे जमत नाही.) चित्रपट आधी पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते. परंतु विधवेचा हा प्रसंग चित्रपटानेही फारसा सौम्य केलेला नाही. तो सौम्य करता येत नाही, असे त्यांनाही वाटले असावे.

सौभाग्यवतींनी अपोलोनियसची बाजू घेतली. “गोड बोलून लुटणारे ज्योतिषी काय कमी आहेत? निदान हा तिला फसवीत तरी नाही.”

बहीण म्हणाली, “खरे सांगावेच लागते, वहिनी. मी कितीजणांना सांगितले आहे. पण हा खरे सांगत नाही. हा आपला कंटाळा तिच्या अंगावर टाकतो आहे.”

मी अपोलोनियसच्याच बाजूने बोललो. बराच वेळ आणि गरजेपेक्षा मोठ्याने बोललो. त्याचे कारण त्या दोघींना ठाऊक नव्हते.

मी चौतीस वर्षे गणित शिकवले. १९९१ सालची गोष्ट. नववीच्या वर्गातील एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे जादा शिकवणीला येत असे. त्याची आई पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन दादरच्या बाजारात जाई. महिन्याचे पैसे ती स्वतः आणून देत असे, पदराच्या गाठीतून सोडून. एकदा पैसे देऊन ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पोरगा दहावी काढेल ना?” मी वह्या तपासत होतो. मी मान वर करून सांगितले, “नाही. त्याच्या डोक्यात हे शिरत नाही आणि शिरणारही नाही. तुमचे पैसे आणि माझा वेळ, दोन्ही वाया चालले आहे.” ती “बरं” म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शिकवणीला आला नाही; पुढे शाळेतही आला नाही. माझे भाकीत खरे ठरले. शिक्षकांच्या खोलीत मी त्या काळी अभिमानाने सांगत असे, की आपल्याला लाडीगोडी जमत नाही, आपण तोंडावर खरे सांगतो.

हा प्रसंग मी विसरलो होतो असे नाही. पण तो चूक म्हणून माझ्या मनात कधी नोंदला गेला नव्हता. त्या पानावर ‘वाया’ या अर्थाचा शब्द आला, तेव्हा मला आपलाच आवाज ऐकू आला.

खरे बोलण्याविषयी ख्रिस्तसभेतील थोर विचारवंतांनी फार कसोशीने विचार केला आहे. संत ऑगस्टीनने असत्य भाषणावर दोन ग्रंथ लिहिले. इ. स. ४२० च्या सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात त्याने एक उदाहरण घेतले आहे. एक माणूस मरणाच्या दारी आहे. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे आणि हे त्याला ठाऊक नाही. तो तुम्हांला विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे का? खरे सांगितले तर तो धक्क्यानेच जाईल. अशा वेळी आपले मनही हेलावते, हे ऑगस्टीन मोकळेपणाने कबूल करतो. तरीही खोटे बोलण्याची मुभा तो देत नाही. संत थॉमस अक्विनास यांनीही दिली नाही. मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात, सत्य कळण्याचा प्रत्येकाचा हक्क बिनशर्त नाही आणि समोर विचारणाऱ्याला ते सांगणे योग्य की नाही हे प्रेमाने ठरवावे, असे सांगितले आहे. बहिणीचे सारे आयुष्य याच चिंचोळ्या वाटेवर गेले. खोटे बोलायचे नाही. पण एखाद्या रात्री सगळे सांगायचेही नाही.

या विवेचनाने मला मात्र सुटका मिळेना. माझा प्रश्न खोटे बोलण्याचा नव्हताच. मी खरे बोललो होतो. शिवाय सौभाग्यवतींचा मुद्दाही वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. त्या आईला “हो, नक्की काढेल” असे मी सांगितले असते तर तिने आणखी वर्षभर फुलांचे पैसे माझ्या हातावर ठेवले असते आणि तो मुलगा, मला आजही वाटते, नापासच झाला असता. ते तर गोड बोलून लुटणेच झाले असते.

उलगडा झाला तो पुस्तकातल्याच एका वाक्याने, आणि ते वाक्य आहे त्या विधवेचे. सगळा गाव ज्या पुस्तकात मूर्ख ठरतो त्यात लेखकाने एक शहाणपणाचे वाक्य तिच्या तोंडी घातले आहे. आपण भविष्य केवळ वाचतो, आयुष्याचे मोल करीत नाही, असा अपोलोनियसचा दावा असतो. ‘वाया गेलेले’ हा शब्द त्याच्या तोंडून निघताच ती फणकाऱ्याने त्याला पकडते : तुम्ही मोल करीत नाही म्हणत होता ना? तो म्हणतो, मी मोल करीत नाही, केवळ नवल करतो आहे. मला हे उत्तर त्या सबंध पुस्तकातील सर्वांत लंगडे उत्तर वाटते. तेल लागणार नाही ही वस्तुस्थिती. लग्न होणार नाही ही त्या कथेपुरती वस्तुस्थिती. पण ‘वाया’ ही वस्तुस्थिती नव्हे. तो निवाडा आहे, आणि खऱ्या माहितीच्या गाडीत चढून तो विनातिकीट प्रवास करतो. ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच सुरात ऐकू येतात, म्हणून तो दोन्ही खरी मानतो.

आणि अपोलोनियसला निदान भविष्य दिसत तरी होते. मला काय दिसत होते? दोन घटक चाचण्यांचे गुण. तो मुलगा वर्गात बसल्या जागी झोपतो, हे. तो का झोपतो, हे मी कधी विचारले नव्हते.

हा अपोलोनियस फिनीने कल्पनेने निर्माण केलेला नाही. पहिल्या शतकात आशिया मायनरमधील त्याना या गावी या नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. फिलोस्ट्रॅटस याने तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे चरित्र लिहिले. त्यात तो रोममध्ये एका नववधूला तिच्या अंत्ययात्रेतून उठवितो, असा प्रसंग आहे. मात्र तिच्यात प्राणाचा काही अंश शिल्लक राहिला होता की काय, अशी शंका चरित्रकार स्वतःच व्यक्त करतो. पुढे डायोक्लेशियन बादशहाच्या छळपर्वात हिअरोक्लीस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने, चमत्कार तर या अपोलोनियसनेही केले, मग तुमच्या ख्रिस्ताचे कौतुक कशाला, असा प्रश्न ख्रिस्ती लोकांना विचारला. त्याला उत्तर देणारा ग्रंथ युसेबियसच्या नावावर प्रसिद्ध आहे. म्हणजे या दोघांची तुलना दीड हजार वर्षांहून जुनी आहे आणि फिनीने हे नाव काही सहज उचलले असेल असे वाटत नाही. त्याच्या कादंबरीतही अपोलोनियस मेलेल्या माणसाला उठवितो. ती वाचताना अंगावर काटा येत नाही, ही लेखकाची करामत.

बहिणीने तुलना केली ती चमत्कारांची नव्हे. ती म्हणाली, “विहिरीवरची बाई आठव.” योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आपण सर्वांनी मिस्सेत अनेकदा ऐकला आहे. तेथेही एक परका माणूस एका बाईला तिच्या आयुष्याविषयीचे कडू सत्य सांगतो : तुझे पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो तुझा नवरा नव्हे. यात साखर कोठेच नाही. अपोलोनियसने सांगितले त्यापेक्षा हे काही मऊ नाही. तरीही ती शोमरोनी स्त्री घागर तेथेच टाकून गावात धावत जाते आणि मी काय काय केले ते ज्याने मला सांगितले तो माणूस पाहायला चला, म्हणून सर्वांना बोलाविते. एकच सत्यकथन, मग एक बाई तंबूत खचते आणि दुसरी धावत सुटते, ती कशाने?

मी त्या दिवसापासून हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचतो आहे. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, ती कितपत महत्त्वाची आहे हे धर्मपंडितांनी सांगावे. विहिरीवरचे संभाषण सुरू होते ते काही सांगण्याने नव्हे, मागण्याने. प्रभू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे आधी ठरते आणि पाच नवऱ्यांचा विषय नंतर निघतो. अपोलोनियसच्या तंबूत सगळे प्रश्न ती विधवाच विचारते. तो तिला काहीच विचारीत नाही. विचारण्याची त्याला गरजच नसते, कारण त्याला सगळे ठाऊक असते.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. फिनीचे पूर्ण नाव चार्ल्स ग्रँडिसन फिनी. हे नाव त्याच्या पणजोबाचे. पणजोबा (१७९२–१८७५) हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे गाजलेले प्रॉटेस्टंट धर्मप्रवर्तक होते. माणूस या क्षणी, येथे, ठरवून पालटू शकतो, हेच ते गावोगाव सांगत हिंडले. पणतूने मात्र असे पुस्तक लिहिले की ज्यात देव, दैत्य, चमत्कार सारे डोळ्यांपुढून जातात आणि एकही माणूस पालटत नाही. यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु पणजोबांच्या सभांतून किती जण जसेच्या तसे घरी परतले असतील, याचा विचार करूनच पणतूने ॲबलोनीचे लोक घरी पाठविले असतील काय, असे मनात येऊन जाते. निर्दय म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवणाऱ्या वाचकांशी मी आता पूर्वीसारखा भांडत नाही. पण ते वाचू नये, असेही मला म्हणवत नाही. ते पान वाचले नसते तर १९९१ सालची ती संध्याकाळ माझ्या खात्यावर खरेपणा म्हणूनच जमा राहिली असती.

सणाच्या दिवशी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात त्या बाईंची गाठ पडली. आता त्या फार वाकल्या आहेत. दादरला त्या जात नाहीत, सून जाते. त्यांनीच हाक मारली, “सर, ओळखलं का?” मी म्हणालो, “ओळखले. मुलगा कसा आहे?” “बरा आहे,” त्या म्हणाल्या. नंतर थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. तो तेव्हा वर्गात का झोपत असे, हे मला विचारायचे होते. माझ्या त्या शब्दांची त्यांना आठवण आहे की नाही, तेही कळायला हवे होते. मी दोन्ही विचारले नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, पिशवीतून सोनचाफ्याची चार फुले काढून सौभाग्यवतींच्या हाती दिली, आणि नात फाटकाशी थांबली आहे म्हणून त्या निघून गेल्या.